खाडा पडला तरी खंड नको



ज्वारी कोठीत भरून ठेवता येते. कडब्याची गंजी लावून ठेवता येते. चार पैसे शिल्लक पडले तर पोस्टात ठेवता येतात. अंगातली ताकद मात्र अशी साठवून ठेवता येत नाही. ती रोज थोडी थोडी कमवावी लागते. कमावणे थांबले, की ती हळूहळू सरते.

हे खरे की खोटे ते आपल्या डोळ्यांनी पाहा. एखाद्याचा पाय मोडतो. डॉक्टर पलस्तर घालतात. काही आठवड्यांनी पलस्तर काढले, की तो पाय दुसऱ्या पायापेक्षा बारीक दिसतो. त्या पायाला खायला मिळाले नाही काय? मिळाले. पण काम मिळाले नाही. ज्या स्नायूला काम नाही, त्याला शरीर पोसत नाही. शेतकरी भाकड जनावर फार दिवस पोसत नाही, तसेच हे आहे.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. ज्या माणसाने पूर्वी अंग कमावले आहे, त्याला गेलेली ताकद पुन्हा मिळवायला नव्या माणसाइतका वेळ लागत नाही. शरीर जुनी ओळख ठेवते. म्हणून 'सुटले ते सुटले, आता काय उपयोग' असे म्हणून बसू नये.

१. खाडा आणि खंड

आपण सारे पावसावर शेती करणारे. आपल्याला 'खंड' हा शब्द चांगला ठाऊक आहे. पेरणी झाली, पीक टोंगळ्याला लागले आणि एक दिवस पाऊस आला नाही, तर कोणी डोक्याला हात लावून बसत नाही. दोन दिवस आला नाही, तरी जमिनीत ओल असते. पण तीन आठवड्यांचा खंड पडला, तर पाने सुकतात, पीक माना टाकते.

व्यायामाचेही असेच आहे. एक दिवस चुकला, तर त्याला 'खाडा' म्हणावे. महिना चुकला, तर तो 'खंड' झाला. खाडा सर्वांनाच पडतो. खाड्याने कोणाचे बिघडत नाही. खंडाने बिघडते.

खंड का पडतो? बहुधा एका खाड्यामुळेच पडतो. माणूस म्हणतो, "आज चुकले. नेम मोडला. आता पुढल्या सोमवारपासून." पुढल्या सोमवारी बाजार निघतो. मग "पुढल्या महिन्यापासून". असा विचार करणाऱ्यांना एक विचारावेसे वाटते. मजुराचा बुधवारी एक खाडा पडला, तर मुकादम सोमवार-मंगळवारची मजुरी कापून घेतो काय? नाही. जितके दिवस हजर, तितक्या दिवसांची मजुरी खरी. तसेच तुम्ही केलेला व्यायाम एका खाड्याने वाया जात नाही. गुरुवारी कामावर जायचे, एवढेच.

यात एक शरीराचे कारणही आहे. आपण चालतो, वाकतो, ओझे उचलतो, तेव्हा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात आणि जाळतात. काम संपल्यावरही हा परिणाम दिवस-दोन दिवस टिकतो. मग तो ओसरतो. म्हणून ज्यांना साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह आहे, त्यांनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पडू देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. हाच नियम आपण सर्वांनी धरला तर सोपे जाईल. एक दिवस चुकला, चालेल. दोन दिवस चुकले, तर तिसऱ्या दिवशी उठायचेच. मग पाचच मिनिटे का होईना!

२. "आमाले काहून पाह्यजे व्यायाम?"

हा विषय काढला, की कोणीतरी हमखास म्हणतो, "गुरुजी, आमी दिवसभर वावरात राबतो. आमाले काहून पाह्यजे व्यायाम? ते शहरातल्या लोकायचं काम."

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

पूर्वी विहिरीवर मोट होती. पहाटे घरोघरी जाते फिरत होते. बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन पाणी आणत होत्या. चिखलीला जायचे तर बैलगाडीने किंवा पायी. त्या काळात व्यायाम वेगळा करावा लागत नव्हता. आता मोटार पाणी काढते. चक्की दळून देते. नळ दारात आला. मळणी यंत्र सोयाबीन काढते. वावरात जायला फटफटी आहे. ही सोय चांगलीच आहे. कष्ट कमी झाले याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. पण जे काम शरीराकडून सहज होत होते, ते आता वर्षभर होत नाही.

आता वर्षाचा हिशोब करू. मृगापासून दिवाळीपर्यंत काम अंगावर येते. नंतर कापूस वेचणी, हरभरा, गहू. होळी झाली की कोरडवाहू शेतकऱ्याला मोकळीक. दोन-तीन महिने पारावर बसणे, लग्ने जेवणे, दुपारी झोपणे. आणि मग मृगाचा पाऊस पडला, की पहिल्याच दिवशी खताची पोती पाठीवर! कंबर धरली, की गडी खाटेवर. ऐन पेरणीत दोन दिवस घरी बसणे कोणाला परवडते?

बैलाच्या बाबतीत आपण ही चूक करत नाही. महिनाभर बसलेला बैल पहिल्याच दिवशी जड नांगराला कोणी जुंपत नाही. आधी हलके काम, मग जड काम. बैलाला जी दया दाखवतो, ती स्वतःच्या कमरेला का दाखवू नये?

आणखी एक गोष्ट. काम म्हणजे पूर्ण व्यायाम नव्हे. कापूस वेचताना, निंदताना बाई दिवसभर पुढे वाकते. तिची कंबर थकते, पण छाती, खांदे, मान मोकळी होत नाहीत. तिला आणखी राबायला सांगत नाही. संध्याकाळी पाच मिनिटे सरळ उभे राहून हात वर ताणावेत, हळूच मागे वाकावे, खांदे फिरवावेत. जो भाग दिवसभर एकाच बाजूला वाकला, त्याला उलट बाजूने मोकळे करणे, हा तिचा व्यायाम. घरच्यांनी तिला ती पाच मिनिटे दिली पाहिजेत.

किती व्यायाम पुरे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सर्व देशांसाठी सांगितले आहे, की मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे अंग हलवावे. झपझप चालणे यात धरले आहे. म्हणजे रोज ३० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस चालले, तर १५० मिनिटे होतात. शिवाय आठवड्यातून निदान २ दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही करावे. जोर, बैठका, नमस्कार हे त्यातलेच. ६५ वर्षांच्या वरच्या माणसांनी तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून ३ दिवस करावेत, म्हणजे पडण्याची भीती कमी होते. आणि याच सूचनेत एक मोलाची गोष्ट सांगितली आहे. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे. निंदणी, कोळपणी, पाणी भरणे, हेही यात धरले जाते. म्हणून सुगीत वेगळे फार करू नका. सुगी संपली, की मात्र जागे व्हा.

३. सण आले, पाहुणे आले

आपल्याकडे सणांना तोटा नाही. पोळा, गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी, आखाजी. मध्ये लग्नसराई. कोणाचा रमजान, कोणाचा वर्षावास. सण हे आनंदासाठी आहेत. पुरणपोळी खावी, तूपही घ्यावे. एका दिवसाच्या गोडाने कोणी बिघडत नाही. पण सण एका दिवसाचा आणि त्याचे निमित्त महिन्याचे, असे होऊ लागले की बिघडते.

"दिवाळी होऊ द्या, मग पाहू." दिवाळी झाली. "लग्नं उरकू द्या, मग पाहू." लग्ने उरकली. "पेरणी होऊ द्या, मग पाहू." असे म्हणता म्हणता वर्ष उलटले! कॅलेंडरात मोकळा महिना शोधू गेलात तर तो सापडणार नाही.

शाळेत मुलांना शिकवताना एक गोष्ट दरवर्षी दिसे. उन्हाळ्याच्या सुटीत जी मुले रोज पाढ्यांची एक उजळणी तरी करत, ती शाळा उघडल्यावर पहिल्या दिवसापासून गणिते सोडवत. जी मुले पाटी फळीवर ठेवून देत, त्यांना पंधरा दिवस बेरजा आठवत नसत. ती मुले मंद नव्हती. त्यांची सवय तुटली होती. शरीरही असेच विसरते.

म्हणून सणासुदीत एकच युक्ती धरावी. कमी करा, पण सोडू नका.

रोज १२ नमस्कार घालत असाल, तर दिवाळीत ३ घाला. रोज अर्धा तास चालत असाल, तर लग्नाच्या दिवशी १० मिनिटे चाला. पाहुणे आले तर त्यांना एकट्याला बसवून जाऊ नका. "चला भाऊजी, बल्लाळदेवीच्या दर्शनाला जाऊन येऊ," असे म्हणा. टेकडी चढणे झाले, दर्शन झाले, गप्पाही झाल्या. सोयऱ्याच्या गावी गेलात, तरी दोन हात जागा सगळीकडे मिळते.

सूर्यनमस्काराचा हाच मोठा गुण आहे. त्याला साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही, मैदान लागत नाही. एका नमस्कारात वाकणे, ताणणे, हातांवर भार घेणे, सारे येते. सातारा भागातील औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) यांनी सूर्यनमस्कार स्वतः नेमाने घातले आणि आपल्या संस्थानातील शाळांत तो व्यायाम सुरू केला. राजाच्या घरी साहित्याची काय उणीव? तरीही त्यांनी साधी, फुकटची गोष्ट निवडली. जी गोष्ट कुठेही करता येते, तीच जन्मभर टिकते.

आपल्या वऱ्हाडातही व्यायामाची परंपरा जुनी आहे. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आला. १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळ करून दाखवले. आखाड्याची पहिली शिकवण कोणती? रोज हजर राहणे. डावपेच नंतर.

उपवासाच्या दिवशी काय करावे? अंग मेहनतीला नको म्हणते. त्या दिवशी सावकाश चालावे, अंग ताणावे, जड व्यायाम करू नये. रमजानचे रोजे असतील, तर संध्याकाळी रोजा सोडल्यावर थोड्या वेळाने हलके चालावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

पहिलवानांकडून एक धडा घेण्यासारखा आहे. काही पहिलवान लग्न झाल्यावर किंवा नोकरी लागल्यावर आखाडा सोडतात. जोर सुटतो, पण खुराक सुटत नाही. दूध, तूप, बदाम चालूच. मग ती ताकद पोटावर दिसू लागते. म्हणून ध्यानात ठेवा. व्यायाम कमी केला, तर ताटही थोडे कमी करावे.

४. वारीचा धडा

आपल्या जिल्ह्यातील शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते. जाण्यासच महिनाभर लागतो. वारकरी ऊन, पाऊस, वारा सोसून चालतात. त्यांच्यात वयस्क माणसेही असतात. ती कशी चालतात? भक्तीचे बळ तर आहेच. पण सवयीचेही बळ आहे. जो वर्षभर रोज चालतो, त्याचे पाय वारीत साथ देतात. जो अकरा महिने फटफटीवर फिरतो, त्याला दुसऱ्या दिवशी फोड येतात.

वारीत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सारी वाट कोणी एका दिवसात चालत नाही. रोजचा मुक्काम ठरलेला असतो. आज या गावापर्यंत, उद्या त्या गावापर्यंत. व्यायामातही "मी वर्षभर करीन" असा मोठा पण करू नये. "आज करीन," एवढेच म्हणावे.

५. ताप आला, पाय मुरगळला

आता अडचणीचा विचार करू. ताप असताना व्यायाम करू नये. विश्रांती घ्यावी, पाणी प्यावे, औषध घ्यावे. ती विश्रांती म्हणजे आळस नव्हे.

ताप उतरल्यावर मात्र लगेच पूर्वीइतके करू नये. पहिल्या दिवशी घराच्या अंगणात चालावे. मग गल्लीच्या टोकापर्यंत. मग अर्धा नेम. मग पूर्ण नेम. जितके दिवस अंथरुणात गेले, निदान तितके दिवस चढत जाण्यास द्यावेत. मोठ्या आजारात याहून जास्त लागतील. घाई केली तर अंग पुन्हा पडते आणि मन खट्टू होते.

पाय मुरगळला तर पायाला विश्रांती. पण हात चांगले आहेत ना? बसून हातांचे व्यायाम करावेत. हात दुखावला तर चालावे. एक बैल लंगडला म्हणून सारा गोठा उपाशी ठेवत नाहीत. एका अवयवासाठी साऱ्या शरीराला बसवून ठेवू नये.

म्हातारपणी गुडघे धरतात. पुष्कळ जण म्हणतात, "टोंगळे दुखते, म्हणून चालणं सोडलं." चालणे अगदी सोडले तर मांडीचे स्नायू सैल होतात. मग गुडघ्यावर भार अधिक येतो आणि दुखणे वाढते. सपाट वाटेवर थोडे थोडे चालावे. खुर्चीवरून किंवा उंच खाटेवरून हात न टेकता सावकाश उठावे आणि बसावे. आधी ५ वेळा, मग १० वेळा. आधाराला जवळ भिंत असावी.

६. खाशाबांची चार वर्षे

अपयश आल्यावर नेम कसा टिकवावा, हे कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधव यांच्याकडून शिकावे. त्यांचा जन्म १९२६ चा. घरी कुस्तीची परंपरा होती. लाल मातीत ते वाढले.

१९४८ मध्ये ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तेथे कुस्ती मातीत नव्हती, गादीवर होती. नियमही निराळे. खाशाबा सहावे आले. पदक मिळाले नाही.

आता विचार करा. सातासमुद्रापलीकडे जाऊन रिकाम्या हाताने परत यायचे. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, "पुरे झाले." खाशाबांनी मेहनत चालूच ठेवली. पुढची ऑलिंपिक चार वर्षांनी होती. चार वर्षे म्हणजे चौदाशेहून जास्त दिवस! त्या दिवसांत टाळ्या वाजवायला कोणी नव्हते. पहाट होती आणि मेहनत होती.

१९५२ मध्ये फिनलंड देशातील हेलसिंकी येथे जायचे ठरले, तेव्हा पैसा नव्हता. गावच्या लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

मिरवणूक लोकांना दिसली. त्या चौदाशे पहाटा कोणाला दिसल्या नाहीत. पण पदक त्या पहाटांनी मिळवले.

७. पाय गेले, हात राहिले

दुसरे नाव मुरलीकांत पेटकर यांचे. हे सांगली जिल्ह्यातले. जन्म १९४४ चा. ते सैन्यात गेले. तेथे मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात शिरली. कमरेखालचे अंग लुळे पडले. ज्याचे सारे जीवन अंगाच्या ताकदीवर उभे, त्याच्यावर याहून मोठे संकट कोणते?

उपचार करताना त्यांना पाण्यात पोहायला लावले. पाण्यात शरीर हलके होते. पाय चालत नसले तरी हात ओढून नेतात. पेटकरांनी जे गेले त्याचा शोक धरून न बसता, जे राहिले ते कमावले. १९६८ मध्ये ते अपंगांच्या जागतिक स्पर्धेत टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडलबर्ग येथे याच स्पर्धा भरल्या. तेथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांत अंतर कापले आणि सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. सरकारने २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी! मानसन्मानासाठी थांबले असते, तर ते पाण्यात उतरलेच नसते.

आपल्याला पदक मिळवायचे नाही. आपल्याला वयाच्या सत्तराव्या वर्षी स्वतःच्या पायाने वावरात जायचे आहे, नातवाला कडेवर घ्यायचे आहे. आपले पदक तेच.

८. मन खचते तेव्हा

सर्वांत अवघड अडचण शरीराची नसते, मनाची असते. सोयाबीन कापणीला आले आणि पाऊस कोसळला. गहू उभा होता आणि गारपीट झाली. कापसाचा भाव पडला. घरातले माणूस गेले. अशा वेळी माणूस घराबाहेर पडत नाही. जेवण जात नाही. रात्री झोप येत नाही, दिवसा उठवत नाही. अशा माणसाला व्यायामाचे सांगितले तर तो चिडेल. म्हणेल, "माझ्या घरावर डोंगर कोसळला, अन् तुमी मले बैठका सांगता?"

त्याचे म्हणणे खोटे नाही. चालण्याने कर्ज फिटत नाही. गेलेले माणूस परत येत नाही. पण कर्ज फेडायला, घर सावरायला माणूस उभा असावा लागतो. शरीर बसले की झोप जाते. झोप गेली की विचार काळे होतात. विचार काळे झाले की माणूस आणखी बसतो. हे राहाटगाडगे कुठेतरी थांबवावे लागते. सकाळच्या उजेडात थोडे चालले, की रात्री झोप लागण्यास मदत होते. अंग हलवल्याने मनाची उदासी कमी होते, हे डॉक्टरांनी तपासून पाहिले आहे. मोठा व्यायाम नको. विहिरीपर्यंत जाऊन या. एवढेच.

यात शेजाऱ्याचे काम मोठे आहे. उपदेश करू नका. दारात जाऊन हाक मारा.

"भाऊ, चलता काय? टेकडीपर्यंत जाऊन येऊ."

"मन नाही लागत गड्या. तू जा."

"बोलू नका काही. नुसतं संगं चाला."

आज तो आला नाही, तर उद्या पुन्हा हाक मारा. सोबत असली, की पाय आपोआप उचलतात. बाया-बायांनीही अशी सोबत धरावी. घरात दुःख झाले असेल, तर रडू द्यावे, सुतकाचे दिवस जाऊ द्यावेत. पण नंतर त्या बाईला एकटी सोडू नये.

आणि एखाद्याचे मन फारच खचले असेल, जगणे नको वाटत असेल, तर चालणे एवढ्यावर भागत नाही. त्याला एकटे ठेवू नये. सरकारी दवाखान्यात न्यावे. सरकारची टेली-मानस नावाची फोन सेवा आहे. क्रमांक १४४१६. रात्री-बेरात्रीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आपल्या घरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मनाचे दुखणे हे तापासारखेच दुखणे आहे. त्यात लाज नाही.

९. हजेरीची वही

तुम्ही आता लिहायला-वाचायला शिकलात. त्या विद्येचा येथे उपयोग करा. एक दहा-वीस रुपयांची वही घ्या. रोज एक ओळ लिहा. वार, काय केले, किती केले. अशी:

सोमवार: चाललो, ३० मिनिटे.
मंगळवार: नमस्कार १२.
बुधवार: खाडा. पुतणीचे लग्न.
गुरुवार: नमस्कार ५. पाय दुखत होते.
शुक्रवार: चाललो, ३० मिनिटे.

खाडा पडला तर 'खाडा' असेच लिहा. कारणही लिहा. लपवू नका. ही वही मास्तरला दाखवायची नाही, तुमची तुम्हाला पाहायची आहे. महिनाअखेर बेरीज करा. २० दिवस हजर आणि १० खाडे, तर ते चांगले झाले. पुढच्या महिन्यात २२ करा. खाड्यांची कारणे वाचा. 'बाजार' हे कारण वारंवार आले असेल, तर बाजाराच्या दिवशी पहाटे लवकर उठा. कारण कागदावर आले, की त्याला उपाय सापडतो.

वेळ एकच ठेवा. तोंड धुतल्यावर, चहाच्या आधी, असे ठरवले की आठवण ठेवावी लागत नाही. दात घासायला कोणाला आठवण करावी लागते काय?

१०. एवढे जपा

व्यायाम करताना छातीत दुखले, डावा हात किंवा जबडा भरून आला, घाम सुटून चक्कर आली, दम लागून बोलता येईना, तर तेथेच थांबा आणि ताबडतोब दवाखान्यात जा. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी किती करावे ते आधी डॉक्टरांना किंवा आरोग्य सेविकेला विचारावे. उन्हाळ्यात आपल्याकडे ऊन कडक. ऊन चढण्याच्या आत व्यायाम उरकावा. भरल्या पोटी करू नये. रस्त्याने अंधारात चालायचे तर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने चालावे आणि हातात बॅटरी असावी.

शब्दांचे अर्थ

खाडा: कामावर न आलेला दिवस.
खंड: मध्येच बराच काळ बंद पडणे.
स्नायू: हाडांना हलवणारे मांस.
टोंगळा: गुडघा.
खुराक: पहिलवानाचे पौष्टिक खाणे.

प्रश्न

१. ताकद साठवून का ठेवता येत नाही?
२. खाडा आणि खंड यांत फरक काय?
३. ताप उतरल्यावर व्यायाम कसा सुरू करावा?
४. खाशाबा जाधव यांना पदक मिळण्यापूर्वी किती वर्षे वाट पाहावी लागली?
५. टेली-मानसचा फोन क्रमांक कोणता?

करून पाहा

१. आजच्या तारखेने हजेरीची वही सुरू करा. पहिली ओळ आजच लिहा.
२. आपल्या गल्लीत असा कोण आहे, जो बरेच दिवस घराबाहेर पडला नाही? उद्या सकाळी त्याच्या दारात जाऊन हाक मारा.
३. हा पाठ घरातील ज्या माणसाला वाचता येत नाही, त्याला मोठ्याने वाचून दाखवा.